मास्तरांचा गाणा

सर, आमच्या घरात त्या संगीताला अजूनही 'मास्तरांचा गाणा' म्हणतात. परवा भाच्याने मोबाइलवर एक जुनं गाणं लावलं होतं. घोगऱ्या आवाजाचा पुरुष, त्याच्यामागे तीन बायकांची साथ आणि मधूनमधून टाळ्या. आई पडवीत आमसुलं वाळत घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मास्तरांचा गाणा लायलंस काय रे?" भाचा कुडाळला इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक असतं. त्याने आजीला समजावलं की हा गायक अमेरिकेतला काळा माणूस, त्याचे पूर्वज कापसाच्या शेतात गुलाम होते, आणि यात मास्तर कुठेच येत नाहीत. आईला त्यात काही अडचण दिसेना. "आसतले बापडे," ती म्हणाली, "पण गाणा मास्तरांचा." तेव्हा सर, आफ्रिकेतून पळवून नेलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसून जे घडवलं, त्याची मालकी आमच्या आईने मालवणच्या एका संस्कृतच्या शिक्षकाकडे केव्हाच वर्ग केली आहे. तुम्ही हयात असता तर संकोचाने कानापर्यंत लाल झाला असता. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणून सांगायला हरकत नाही.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. 'मम गृहम्' या विषयावर दहा वाक्यं लिहून आणायला तुम्ही सांगितलं होतं. त्या दिवशी आमच्या वर्गातल्या चाळीस घरांत चाळीस गायी निघाल्या, प्रत्येक अंगणात तुळस निघाली आणि प्रत्येक ओटीवर एक पूज्य पितामह बसलेले निघाले. वास्तविक निम्म्या वर्गाकडे कोंबडीपलीकडे काही नव्हतं, पण धेनु शब्द सगळ्यांना पाठ होता, म्हणून धेनु. मला खरं लिहायची वाईट खोड. मी लिहिलं होतं: "मम गृहे एकं यन्त्रम् अस्ति। तस्मिन् कृष्णा चक्रिका भ्रमति गायति च।" वही तपासता तपासता तुम्ही थांबलात. मधल्या सुट्टीत मला बाजूला बोलावलंत आणि चोरटा माल विचारावा तशा आवाजात विचारलंत की त्या तबकड्या कसल्या आहेत. मला काय ठाऊक. बाबा बोटीवर खलाशी होते, कंबर दुखावली म्हणून कायमचे घरी आले, येताना एका ट्रंकेत रेकॉर्ड प्लेअर, दोन डझन रेकॉर्डी आणि एक मिक्सर घेऊन आले, एवढंच मला माहीत. दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डींवरची नावं एका कागदावर उतरवून आणली. तुम्ही तो कागद वाचलात, चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा वाचलात. संस्कृतात मला पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

तुम्ही पुढे सांगितलंत त्यावरून मला कळलं ते असं. मुंबईत शिकत असताना तुम्ही एका मोठ्या हॉटेलजवळ शिकवणीला जात होता. त्या हॉटेलात गोव्याचे वादक अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत वाजवायचे. आत जायची तुमची ऐपत नव्हती, म्हणून मागच्या गल्लीत, हॉटेलच्या मोरीपाशी उभं राहून तुम्ही ते ऐकायचात. मग वाचनालयात बसून त्या लोकांबद्दल मिळेल ते वाचलंत. गावी आलात, शाळेत लागलात, आणि तिथे ते सगळं संपलं. घरी रेडिओ होता, पण तो अक्कांचा. अक्का म्हणजे तुमची थोरली बहीण, तुम्हाला आईच्या जागी, सोवळ्याओवळ्यात गावभर नावाजलेली. त्यांच्या रेडिओवर भक्तिगीतं लागत आणि बातम्या, आणि बातम्याही अक्का सोशीत असत.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात ती रविवारची सकाळ. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची आणि आमच्या मासेमारांच्या वाडीत एकाच घरी टीव्ही होता. त्या तासाभरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, कारण कुत्रीही त्या घराच्या पायऱ्यांवर. तुम्ही नेमके त्याच वेळी यायचात. मला वाटायचं, सरांना टीव्हीचा तिटकारा आहे. चाळिशी ओलांडल्यावर कधीतरी उमगलं की तुम्हाला आमच्या वाडीत शिरताना कोणी पाहायला नको होतं. रागावू नका. मीही शिक्षिका आहे, गावात शिक्षकाच्या पायांवर किती डोळे असतात ते मला ठाऊक आहे.

आमच्या घरात विजेचा पॉइंट एकच होता आणि तो स्वयंपाकघरात, मिक्सरसाठी घेतलेला. त्यामुळे रेकॉर्ड प्लेअर चुलीशेजारच्या फळीवर, आणि ज्याला ऐकायचं असेल त्याने चुलीपाशी बसायचं. बाहेरच्या ओटीवर आवाज नुसता कुजबुजल्यासारखा येई. पहिल्या रविवारी तुम्ही ओटीवर बसून अर्धी रेकॉर्ड कान देऊन ऐकलीत, मग पडवीत सरकलात, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलात. दुसरी बाजू लागली तेव्हा तुम्ही आत पाटावर मांडी घालून बसला होता आणि आपण आत कसे आलो हे बहुधा तुम्हालाही कळलं नव्हतं. आई भिंतीला टेकून उभी होती. रविवार असून तिने सकाळपासून मासळी घरात आणली नव्हती, जमीन दोनदा पुसली होती. तिने चहाचं विचारलं. तुम्ही म्हणालात, आत्ताच घेऊन आलो. तिने पाण्याचं विचारलं. तुम्ही म्हणालात, तहान नाही. ऑक्टोबरचा उकाडा होता, सर. तुमच्या शर्टाची पाठ भिजली होती.

बाबांनी जग पाहिलेलं, ते समजले. ते मागे गेले, एक शहाळं आणलं आणि कोयत्याने तुमच्यासमोर त्याचं तोंड उडवून तुमच्या हातात दिलं. शिजवलेल्याला विटाळ, पाण्याला विटाळ, पण झाडावरच्या फळाला नाही. फळ कोणाच्याही घरचं चालतं. तुम्ही ते वरून, ओठ न लावता प्यायलात आणि सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. पुढे वर्षभर दर रविवारी हेच. आईने चहाचं विचारायचं नाही, तुम्ही नको म्हणायचं नाही, बाबांनी शहाळं फोडायचं. दोन राज्यांचा तह व्हावा तसा तो तह होता, आणि त्यावर कोणाची सही नव्हती.

त्या वर्षात तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते शाळेत कधी शिकवलं नाहीत. एका रेकॉर्डीच्या वेष्टनावर समुद्रकिनारी बसलेल्या एका गोऱ्या जोडप्याचा फोटो होता. आई वर्षानुवर्षं समजत होती की तीच गोरी बाई गाते, आणि एवढ्या बारीक बाईचा आवाज एवढा जड कसा, याचं तिला नवल वाटे. तुम्ही सांगितलंत की गाणारी काळी आहे. तिचा चेहरा छापला तर गोरे लोक दुकानातून ती रेकॉर्ड उचलणार नाहीत, म्हणून भलत्यांचाच फोटो. आईने ते वेष्टन उलटं करून ठेवलं, ते आजतागायत उलटंच आहे. तुम्ही सांगितलंत की एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही त्यांची रीत देवळातून आली, म्हणजे त्यांच्या देवळातून. आई म्हणाली की मग ही आमच्या भजनातली झीलच की. तुम्ही म्हणालात, हो, झीलच. मग आई बिनधास्त टाळी द्यायला लागली. तिची टाळी बरोबर पडायची. तुमची नाही पडायची, सर. आता सांगते.

आणि तुम्ही सांगितलंत की तिकडच्या दक्षिणेतल्या गावांत गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र बसू नये असे नियम होते, पण रेडिओला कुंपण घालता आलं नाही. गोऱ्यांची पोरं आपापल्या खोल्यांत बसून काळ्यांची गाणी ऐकू लागली, मग त्यांच्या रेकॉर्डी घेऊ लागली, मग कार्यक्रमांना जाऊ लागली. तिथे सभागृहाच्या मधोमध दोर बांधलेला असे, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. बाबा म्हणाले की तो दोर त्यांनी पाहिला आहे. तुम्ही पाटावरून उठायचेच बाकी राहिलात. तरुणपणी बोट तिकडच्या एका बंदराला लागली असताना बाबा एका गोवेकर खलाशाबरोबर असल्याच कार्यक्रमाला गेले होते. "दारावरच्या माणसाक कळेना, माका खंय धाडूचो," बाबा सांगू लागले. "गोरो तर मी नाय. आणि काळो म्हणूक पुरेसो काळो पण नाय." मग, तुम्ही विचारलंत. "मगे काय. मधी उभो रवलंय, दोरी धरून." तुम्ही इतके हसलात की शहाळ्यातलं पाणी धोतरावर सांडलं. पण बाबा पुढे म्हणाले की गाणं चढत गेलं, दोन्हीकडची पोरं नाचायला लागली, आणि त्यांच्या हातातला दोर कधी खाली पडला ते त्यांना कळलं नाही. पोलिसांनी येऊन दिवे लावले, कार्यक्रम बंद केला. पण तोवर कोण कुठल्या बाजूचा हे निवडायला पोलिसांना बराच वेळ लागला.

त्यानंतर कितीतरी रविवार तुम्ही त्या दोराबद्दलच बोलत होता. कायदा मागाहून बदलला, आधी पाय बदलले, असं म्हणत होता. मग स्वतःच स्वतःला अडवायचात की नाही, एवढं सोपं नाही, तीच पोरं नाचून झाल्यावर आपापल्या वेगळ्या आळ्यांत झोपायला गेली, आणि ज्या हॉटेलात काळा गायक गायला त्याच हॉटेलात त्याला जेवायला मिळालं नाही. एका रविवारी हे सांगता सांगता तुमचा आवाज रेकॉर्डीच्या वर चढला. "ज्याचं गाणं गोड लागतं त्याच्या हातचं पाणी गोड लागत नाही, हा कुठला न्याय," तुम्ही म्हणालात. तुमच्या दोन्ही हातांत शहाळं होतं.

आणि मी म्हणाले, "नारिकेलमपि रज्जुः।" नारळ हाही दोरच.

आता खरं सांगते. मला आईच्या अपमानाचं काही वाटलं नव्हतं. त्या वयात आईचा अपमान होतो हेच मुळात ठाऊक नसतं. मला मालिका पाहायची होती. वर्षभर सगळी वाडी देवांचे बाण आकाशात एकमेकांवर आपटताना पाहत होती आणि संस्कृतात पहिली येणारी मुलगी चुलीपाशी बसून परदेशी रेकॉर्डी उलट्या-सुलट्या करत होती, कारण बाबांना वाकता येत नव्हतं. सोमवारी शाळेत सगळ्या मैत्रिणी त्याबद्दल बोलायच्या आणि मी मूर्खासारखी ऐकायची. तुम्ही यायचं बंद व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. तुम्हाला लागेल असं एक वाक्य मी त्याआधीच्या आठवड्यात जुळवून ठेवलं होतं आणि आई-बाबांना कळू नये म्हणून संस्कृतात जुळवलं होतं. तुम्ही ते ऐकलंत आणि शहाळं हळूच खाली ठेवलंत. बाबांनी विचारलं, चेडू काय म्हणालं. तुम्ही म्हणालात, "नारळापासून दोरी होते, असं म्हणते." बाबा म्हणाले, "होय तर, काथ्याची. ह्या सांगूक संस्कृत कित्याक व्हया?" तुम्ही रेकॉर्ड संपेपर्यंत बसलात, नमस्कार केलात आणि गेलात.

पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. मी मालिका पाहिली. पुढच्या रविवारीही आला नाहीत आणि मी पुन्हा गेले, पण निघताना आई घरात काय करत होती ते मी पाहिलं होतं, म्हणून देवांकडे नीट लक्ष लागलं नाही. ती स्वयंपाकघराच्या भिंती घासत होती. चुलीवरची सुक्या बांगड्यांची माळ तिने मागच्या पडवीत नेऊन टांगली होती. ताटं, कप, तवा, सगळं चिंच-राखेने घासून उन्हात मांडलं होतं. मला बघून म्हणाली, "मास्तर कित्याक येवक नाय गो? तुका शाळेत काय बोलले?" मी म्हणाले, काही नाही. तिने आपला हात माझ्या नाकासमोर धरला. "माझ्या हाताक वास येता काय गो?" मी नाही म्हणाले. येत होता, सर, लिंबाचा आणि राखेचा. तिसऱ्या रविवारी तिने बाबांना सांगितलं की मास्तरांना विचारून या, आमचं काही चुकलं का. बाबा तुमच्या घराच्या वळणापर्यंत जाऊन परत आले. वर्गात तुम्ही माझ्याकडे न बघता शिकवत होता. एक शब्द बोलून मला हे सगळं मिटवता आलं असतं. मी तीन आठवडे तो शब्द बोलले नाही, कारण तो बोलले असते तर आईने मला चुलीतल्या लाकडाने मारलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

चौथ्या रविवारी तुम्ही आलात, दुपारी चार वाजता. लख्ख उजेडात, छत्री मिटून हातात धरलेली, वाडीच्या मधल्या रस्त्याने. जाळी दुरुस्त करणारे पुरुष उठून उभे राहिले, बायका दारात आल्या. तुम्ही प्रत्येकाला नमस्कार करत आलात, त्यामुळे शंभर पावलांना पाव तास लागला. आत आलात, पाटावर बसलात आणि बाबा कोयता घ्यायला वळले तेव्हा म्हणालात, "नको. वहिनी, आज चहा घेईन म्हणतो."

आईची जी धांदल उडाली तशी मी पुन्हा पाहिली नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. तिने चहा ठेवला. फळीवरचा कप काढला, नाकाशी नेला, परत ठेवला. दुसरा काढला, त्याचाही वास घेतला, परत ठेवला. मग मागे गेली आणि जरा वेळाने चहा घेऊन आली, तो करवंटीत. नवी करवंटी, बाहेरून काचेसारखी घासलेली, आतून खरवडून पांढरीशुभ्र केलेली. दोन्ही हातांनी तिने ती तुमच्यापुढे धरली. "आमच्या कपांक म्हावऱ्याचो वास येता, मास्तरानूं," ती म्हणाली. "म्हणान ह्यात दिलंय. तुमच्याकडे करवंटीतच देतत मां? मी घेतलली आसा, तुमच्या पाटल्यादारी. बरी रीत आसा, स्वच्छ."

सर, आमच्या आईच्या मनात काहीही नव्हतं. लहान असताना ती मासळीची पाटी घेऊन तुमच्या आळीतून फिरायची. ज्या घरात मासळी जात नाही तिथेही गड्यांबरोबर पाटी टेकून बसायची, आणि मागल्या दारी मिळणारा चहा तिला करवंटीत मिळायचा. कुंपणाच्या काठ्यांवर त्या करवंट्या उलट्या घातलेल्या असायच्या, ज्याची त्याने आपली घ्यायची, धुवायची, परत काठीवर. का, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या मनाने ठरवलं होतं की मोठ्या घरांत चहा करवंटीतच पितात, कारण करवंटीला दुसऱ्या कशाचा वास नसतो. जन्मभर ती तुमच्या घराला त्याबद्दल मान देत आली होती.

तुम्ही करवंटी घेतलीत. बाबांनी मान फिरवली, त्यांना ठाऊक होतं. मलाही त्या क्षणी ठाऊक झालं. मी रेकॉर्ड लावायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. तुम्ही एकदा त्या चहाकडे पाहिलंत. मग ओठ लावून प्यायलात, सगळा, तळाच्या चोथ्यासकट. करवंटी खाली ठेवलीत.

"वहिनी," तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी कप द्या."

"वास येतलो, मास्तरानूं."

"येऊ दे."

त्या दिवसापासून तुम्ही चारलाच यायला लागलात आणि माझी सकाळ मला परत मिळाली. माझा डाव असा साधला. उघड्या दारांनी आणि दिवसाढवळ्या गाणी वाजू लागल्यावर वाडीतल्या बायका यायला लागल्या, मग पुरुष. एके दिवशी पलीकडच्या वाडीतला ढोलवाला रस्त्याने जाताना ताल ऐकून अंगणात उभा राहिला. तो आमच्या घरात कधी आला नव्हता. तुमच्या घरी आम्ही जसे मागल्या दारी, तसा तो आमच्या घरी अंगणात. आईने तुमच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग हाताला लागला तो कप भरून त्याला आत बोलावलं. तो तुमच्या शेजारी बसला. त्याने मांडीवर तो ताल असा धरला की तुम्ही चहा प्यायचं विसरलात. करवंटीचं म्हणाल तर आईने ती दुसऱ्याच दिवशी चुलीत घातली. बाबांनी तिला समजावून सांगितलं होतं.

तुमच्या घराच्या कुंपणावरच्या करवंट्याही गेल्या, हे आईनेच येऊन सांगितलं. त्यांच्या जागी दांडी तुटलेले दोन कप आले, वेगळेच ठेवलेले. प्रगती आमच्याकडे अशी, एकेक दांडी तुटत होते. अक्का तुम्हाला रविवारी संध्याकाळी विहिरीवर दुसरी आंघोळ करायला लावत आणि तुम्ही मुकाट्याने करत होता. तुमचं एकटं अंग वर्षानुवर्षं दोन आळ्यांमधल्या वाटेची जकात भरत होतं. मी तुमच्याकडे शिकायला यायचे ती ओटीपर्यंतच. पुढे अक्कांची नजर गेली आणि तुम्ही शाळेत असताना घरातल्या दुसऱ्या कोणालाही पोथी धड वाचता येईना, तेव्हा त्यांनी मला माजघरात बोलावलं. माझे उच्चार ऐकून म्हणाल्या की ही आधी कुठे होती. मी म्हणाले, ओटीवर. त्या हसल्या. त्यांना हसू यायचं, सर, तुम्ही त्यांना कधी संधी दिली नाहीत.

आता मी कुडाळला संस्कृत शिकवते, शनिवारी आईकडे येते. 'मम गृहम्' लिहायला सांगितलं की अजून गायी येतात. माझं बरं चाललं आहे. तुमची आठवण येते ती दुःखाने नाही, तुमची चुकीच्या जागी पडणारी टाळी आठवून येते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही निवृत्त झालात त्या समारंभात भर सभेत सांगितलंत की एका विद्यार्थिनीने तीन शब्दांत तुम्हाला सगळं शास्त्र शिकवलं. ते तीन शब्द सांगितलेत, मला उभं केलंत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. करवंटीबद्दल तुम्ही बोलला नाहीत. मला त्याचा राग नाही. संस्कृतात शिकलो हे पंडिताला सांगता येतं, मागल्या दारच्या कोळणीने चहा देऊन शिकवलं हे सांगायला जीभ जड होते. पण त्या तीन शब्दांनी तुम्ही घरी बसला होता, हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. चहा मागायला तुम्ही आलात हे तुमचं, ते कोणी काढून घेणार नाही. बाकीचं सगळं आईचं.

गेल्या महिन्यात शाळेची स्मरणिका निघाली. तुमच्यावर लिहायला मला सांगितलं होतं, शब्दमर्यादा तीनशे. मी लिहिलं. अमेरिकेतलं संगीत आलं, दोर आला, तुमचा मोठेपणा आला, माझं वाक्य आलं, मूळ संस्कृतात, ठळक टायपात. आईने चष्मा लावून, ओळींखाली बोट धरून अख्खा लेख वाचला. तिला तास लागला. मग स्मरणिका मिटून म्हणाली, "बरा लिवलंस." थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या चायची गजाल खंय आसा ती?"

मी म्हणाले, जागा नव्हती.

"आसांदे," ती म्हणाली आणि आमसुलं उलटायला गेली.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही, म्हणून लिहिते. लेख मी काल पुन्हा मोजला. दोनशे चाळीस शब्द भरले. जागा होती, सर.